आमदार तिसऱ्यांदा उभे राहणार, कामंही झाली आहेत. मग नाराजी कुठून येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुमच्या तालुक्याचे आमदार दोनदा निवडून आले आहेत, २०२९ ला तिसऱ्यांदा उभे राहणार आहेत, रस्ते-पाणी-सभामंडप अशी कामं भरपूर झाली आहेत, सरकारही त्यांच्याच बाजूचं आहे. तरी पारावर आणि टपरीवर नाराजी ऐकू येते. तुम्ही पहिल्यांदाच निवडणुकीचं काम अंगावर घेताय. विद्यमान असणं फायद्याचं की तोट्याचं, आणि ते आधी ओळखायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

१९९९ पासून २०२४ पर्यंत विधानसभेच्या सहा निवडणुका मी बूथ बांधणीत घालवल्या. कधी विद्यमान आमदारासाठी, कधी त्याच्या विरोधात. माझा अनुभव मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण मतदारसंघांचा आहे, म्हणजे ऊस, दूध, विकास सोसायटी आणि भावकी यांच्यात गुंतलेल्या गावांचा. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये गणित बरंच वेगळं चालतं. तिथे आमदार कोण हेच कित्येक घरांत माहीत नसतं, लोक चिन्ह बघून बटण दाबतात. त्यामुळे मी पुढे लिहितोय ते तुमच्या-माझ्यासारख्या तालुक्यांपुरतं धरा.

आधी एक गोष्ट मनात वेगळी करून ठेवा. ‘अँटी-इन्कम्बन्सी’, म्हणजे विद्यमानाविरुद्धची नाराजी, हा शब्द चॅनेलवर एकच वस्तू असल्यासारखा वापरतात. प्रत्यक्षात मतदारासमोर दोन विद्यमान असतात. एक सरकार आणि दुसरा आमदार. दोघांचा हिशेब लोक वेगवेगळा मांडतात, आणि कधी एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकतातही.

२०२४ चा निकाल बघा. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला मोजणी. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. २८८ पैकी २३० जागा सत्ताधारी युतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच घेतल्या. सरकार म्हणून जे विद्यमान होतं ते तुफान मतांनी परत आलं. त्याच दिवशी संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले. १९८५ ला अपक्ष म्हणून पहिल्यांदा निवडून आलेला माणूस, सलग आठ वेळा आमदार, आणि नवख्या अमोल खताळांकडून दहा हजारांहून अधिक मतांनी पराभव. कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले. तिवसा मतदारसंघात तीन वेळा निवडून आलेल्या यशोमती ठाकूर पडल्या. हे सगळे विद्यमानच होते, पण विरोधी बाकावरचे.

विरोधातला विद्यमान हा सगळ्यात अवघड जागी बसलेला असतो. लोक त्याला आमदार म्हणूनच जाब विचारतात, पण देण्यासारखं त्याच्या हातात फारसं काही नसतं. आमदार निधी दोन्हीकडच्यांना सारखाच, वर्षाला पाच कोटी. पण तालुक्यात दिसणारी मोठी कामं त्या निधीतून होतच नाहीत. ती जिल्हा नियोजनातून, बांधकाम खात्याच्या अर्थसंकल्पातून, ग्रामविकासच्या लेखाशीर्षातून येतात आणि तिथे पालकमंत्र्याचा शब्द चालतो. सत्तांतर झालं की मंजूर कामांना स्थगिती येते, हे आपण २०१९ नंतर पाहिलं आणि २०२२ नंतर पुन्हा पाहिलं. तुमचे आमदार सत्तेत आहेत, म्हणजे ही अडचण त्यांना नाही. त्यांची अडचण दुसरी आहे, आणि ती जास्त आतली आहे.

काम आणि मत यांच्यामध्ये एक माणूस असतो. रस्ता आपोआप मत होत नाही. वस्तीवर कोणी तरी असावा लागतो, जो म्हणतो, ‘हा रस्ता आपण मागितला होता, साहेबांनी दिला, मी पाठपुरावा केला.’ तो माणूस ज्या वस्तीवर आहे तिथे अर्धवट राहिलेल्या कामावरही मत मिळतं. जिथे नाही, तिथे काँक्रीटचा रस्ता सरकारचा होतो, ठेकेदाराचा होतो, आमदाराचा मात्र होत नाही. दहा वर्षांत कामं वाढत जातात आणि हे मधले लोक कमी होत जातात. तिसऱ्या टर्मची नाराजी ही बहुतेक वेळा या गळतीची नाराजी असते.

हे मला २०१४ ला कळलं, आणि फार महाग पडून कळलं. मी तेव्हा दोन टर्म झालेल्या एका आमदारांकडे होतो. त्या वर्षी २५ सप्टेंबरला एकाच दिवशी भाजप-शिवसेनेची युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. चौरंगी लढत होणार म्हटल्यावर आम्ही सगळे कागदावर आकडे मांडत बसलो. विरोधी मतं तिघांत फुटणार, आपला गठ्ठा शाबूत, म्हणजे सीट निघाली. कामाची यादी आम्ही पुस्तिका काढून घरोघर वाटली. आम्ही पडलो, आणि आमदारांच्या स्वतःच्या गावाशेजारच्या चार गावांत सगळ्यात जास्त पडलो.

निकालानंतर महिनाभराने मी त्यातल्या एका वस्तीवर एकटाच गेलो. एका घरी चहा झाला. घरच्या बाई म्हणाल्या, त्यांचा नवरा उन्हाळ्यात गेला, तेव्हा आमदार दहाव्याला आले नाहीत. नाही आले तर नाही आले, कामं असतात माणसाला, त्याचं काही वाटलं नाही. पण त्याच आठवड्यात आमदार शेजारच्या वाड्यावर नव्या सरपंचाच्या सत्काराला आले, गाड्यांचा ताफा त्यांच्या दारावरून गेला आणि थांबला नाही. त्या नवऱ्याने दोन्ही निवडणुकांत त्या वस्तीची यादी सांभाळली होती. त्यांच्या भावकीत अठरा मतं होती, आणि त्या भावकीच्या शब्दावर चालणारी आणखी कितीतरी. मी त्याच वस्तीवर प्रचारात दोनदा गेलो होतो. रस्त्याचं कौतुक केलं होतं. ते घर बंद होतं म्हणून पुढे गेलो होतो. यादीत त्या बूथपुढे मी स्वतःच्या हाताने ‘आपला’ असं लिहिलं होतं.

त्यामुळे तुम्हाला पहिलं सांगणं हे की कार्यअहवाल बाजूला ठेवा आणि नमुना २० मिळवा. मोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी जो अंतिम निकालाचा तक्ता करतात तो नमुना २०. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली हे ओळीने असतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो सगळ्यांसाठी खुला आहे. २०१९ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा असे तीन तक्ते घ्या आणि गावनिहाय शेजारी शेजारी मांडा.

मांडताना केंद्र क्रमांकावर विसंबू नका. यादीचे भाग दर वेळी हलतात, एका केंद्राची दोन होतात. पूर्वी एका केंद्रावर १५०० पर्यंत मतदार असत, आता ती मर्यादा १२०० वर आणली आहे. त्यामुळे पुढच्या वेळी क्रमांक आणखी विस्कटतील. गावाचं नाव आणि शाळेची खोली धरून जुळवा. आठ-दहा दिवसांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या कोणाला देऊ नका. ते करता करता तालुका तुमच्या डोक्यात बसतो.

लोकसभा मध्ये का घ्यायची, तर त्यातून सरकारचा हिशेब आणि माणसाचा हिशेब वेगळा निघतो. बारामतीचं उदाहरण यासाठी मी नेहमी देतो. जून २०२४ च्या निकालात लोकसभेला सुप्रिया सुळे यांना बारामती विधानसभा क्षेत्रात सुमारे ४८ हजारांचं मताधिक्य होतं. समोर सुनेत्रा पवार होत्या, म्हणजे अजित पवारांनी आपली सगळी ताकद लावलेली. नोव्हेंबरमध्ये त्याच क्षेत्रात अजित पवार स्वतः उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सहा महिन्यांत गावं बदलली नव्हती, माणसं बदलली नव्हती. लोकांनी दिल्लीसाठी एक मत ठेवलं आणि तालुक्यासाठी दुसरं. ‘वर ताई, खाली दादा’ असं तिथले लोक उघड बोलत होते. लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात ४८ पैकी ३० जागा घेतल्यावर विधानसभा आता झालीच म्हणून जे निर्धास्त बसले, त्यांनी हाच फरक ध्यानात घेतला नाही.

अर्थात मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ आली होती. जुलै २०२४ पासून दरमहा १५०० रुपये, आणि आचारसंहिता लागायच्या आत पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये बायकांच्या खात्यावर पडले होते. या योजनेने निकाल फिरवला असं सगळे म्हणतात आणि मोठ्या प्रमाणात ते खरं आहे. पण पैसे सगळीकडे सारखेच गेले, मतं मात्र सगळीकडे सारखी आली नाहीत. असं का, हे मी माझ्या भागात पाहिलं. अर्ज भरताना आधार बँकेला जोडलेलं नसणं, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डावर नाव नसणं अशा शंभर अडचणी होत्या. सेतू केंद्रापुढे रांगा होत्या, अंगणवाडी सेविका रात्री दहा वाजेपर्यंत अर्ज भरत होत्या. ज्या गावात एखादा कार्यकर्ता बायकांना गाडीवर बसवून बँकेत घेऊन गेला, ज्याने फेटाळलेला अर्ज परत भरून दिला, त्या गावात ती योजना त्याच्या उमेदवाराची झाली. एका गावात तर हे काम विरोधी गटातल्या पोरांनी केलं होतं आणि तिथे सत्ताधारी उमेदवाराला फारसं काही मिळालं नाही. मधला माणूस म्हणतो तो हाच.

आता गळती कशी ओळखायची. तीन तक्ते मांडल्यावर तुम्हाला तीन तऱ्हेची गावं दिसतील. काही गावं कायम तुमच्याबरोबर असतील, काही कायम विरोधात. या दोन्हींत फार वेळ घालवू नका. तिसरी गावं अशी की जिथे २०१९ ला लीड होतं, २०२४ ला राज्यभर वारं आपल्या बाजूचं असूनही ते लीड घटलं किंवा उलटं झालं. वारं पाठीशी असताना जिथे नाव मागे पडली, तिथे तळाला भोक आहे. अशी दहा-पंधरा गावं निघतील. त्या प्रत्येक गावात २०१९ ला आपलं काम कोण बघत होतं, हे शोधून काढा. आता तो कुठे आहे, एवढंच विचारा.

उत्तरं साधारण ठरलेली येतात. तो वारला. तो पुण्याला पोराकडे गेला. त्याला सोसायटीच्या चेअरमनकीत डावललं. त्याच्या गावातलं काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं आणि त्याला विचारलंसुद्धा नाही. तो फोन करतो तर स्वीय सहाय्यक उचलतो आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणतो. पहिल्या टर्मला आमदार स्वतः फोन उचलतात. दुसऱ्या टर्मला पीए उचलतो. तिसऱ्याच्या उंबरठ्यावर पीएचा पीए असतो. जुन्या माणसाला हे फार लागतं. तो विरोधी प्रचार करत नाही. तो नुसता घरी बसतो, मतदानादिवशी दुपारी जेवून झोपतो, आणि त्याच्या वस्तीवरची तीस-चाळीस मतं बाहेर पडत नाहीत.

तीस-चाळीस मतांनी काय होतं असं वाटत असेल तर २०२४ चे निसटते निकाल पुन्हा बघा. मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आले. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी. बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१, नवापूरला शिरीष नाईक ११२१, कर्जत-जामखेडला रोहित पवार १२४३. हे सहाही जण विद्यमान आमदार होते, वेगवेगळ्या पक्षांचे, सत्तेतले आणि विरोधातले. मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास केंद्रं असतात. केंद्रामागे चार मतं इकडची तिकडे झाली असती तर यांतला एकही विधानसभेत दिसला नसता.

गेल्या काही वर्षांत या गळतीत एक सरकारी कारणही मिसळलं, ते तुमच्या लक्षात असू द्या. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिकांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. आमदाराला सुरुवातीला हे बरंच वाटतं, कारण मध्ये कोणी वाटेकरी नाही. पण सदस्य आणि सभापती नाहीत म्हटल्यावर गटारापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत प्रत्येक तक्रार थेट आमदाराच्या दारात आली. आणि ज्या पोरांनी दहा वर्षं पायाला भिंगरी बांधून काम केलं, त्यांना तिकिटाची, पदाची वाटच दिसेना. दुसरी फळी अशी वाळून गेली. तुमच्या तालुक्यात हे झालंय का ते बघा. झालं असेल तर त्या पोरांची नाराजी खरी आहे, आणि ती भाषणाने जाणार नाही.

विद्यमान आमदार साखर कारखान्याचेही अध्यक्ष असतील तर हिशेब तिसऱ्या खात्यावरही चढतो. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे, असा कायदा आहे. ते उशिरा आले, काट्यावर संशय आला, किंवा टोळी वेळेवर आली नाही म्हणून फडाला तुरा फुटला, की शेतकरी तो राग विधानसभेच्या यंत्रावर काढतो. त्याच्या लेखी चेअरमन आणि आमदार ही एकच व्यक्ती असते. आणि मतदान नोव्हेंबरात असेल तर बीड, अहिल्यानगरच्या वाड्यांवरचे ऊसतोड कामगार तोवर बिऱ्हाड घेऊन बाहेर पडलेले असतात. त्या भागातल्या उमेदवाराने दिवाळीआधीच त्या घरांशी बोलून ठेवावं लागतं.

आता सांगोल्याबद्दल थोडं लिहितो, कारण विद्यमान असण्याचे सगळे रंग एकाच ठिकाणी बघायचे असतील तर मला ते गाव आठवतं. गणपतराव देशमुख १९६२ ला तिथून पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले, बहुतेक काळ विरोधी पक्षात बसून. म्हणजे मी वर जी अवघड जागा म्हटली तिथेच त्यांनी आयुष्य काढलं. तेही पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. १९९५ चा पराभव १९२ मतांचा होता, शहाजीबापू पाटलांकडून. १९९९ ला ते परत आले. २०१९ ला वयामुळे थांबले तेव्हा त्यांचे नातू अनिकेत देशमुख त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२२ च्या बंडानंतर शहाजीबापूंचं नाव राज्यात लहान पोरांच्या तोंडी झालं. इतकं प्रसिद्ध होणं क्वचितच कोणा आमदाराच्या वाट्याला आलं असेल. २०२४ ला सत्तेत असून, वारं बाजूने असून, ते गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांच्याकडून सुमारे पंचवीस हजार मतांनी हरले. तिरंगी लढत होती हे एक कारण आहेच. पण गणपतरावांच्या शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) लाल बावटा राज्यात जवळजवळ सगळीकडून उतरलेला असताना सांगोल्यात टिकला, तो गणपतरावांनी गावोगाव जपलेल्या माणसांमुळे, असं माझं मत आहे. एसटीने फिरणाऱ्या त्या माणसाला वस्तीवरच्या घरांची नावं पाठ असत.

तुमच्या आमदारांना हे सांगायचं कसं, हा तुमच्यापुढचा खरा अवघड भाग आहे. दोनदा जिंकलेल्या माणसाभोवती ‘साहेब, यंदा पन्नास हजारांचं लीड’ म्हणणारे लोक बसलेले असतात. तुम्ही लहान आहात, नवे आहात. चारचौघांत बोलू नका. नमुना २० चे तीन तक्ते आणि त्या दहा-पंधरा गावांतल्या माणसांची नावं एका कागदावर घेऊन एकट्याने भेटा. नाराजी आहे असं मोघम बोललात तर विरोधकांनी भरवलं म्हणतील. ‘अमक्या गावातल्या अण्णांनी २०१९ ला आपल्याला दोनशेचं लीड दिलं होतं, २०२४ ला आपण तिथे साठने मागे, आणि अण्णांच्या घरी आपण तीन वर्षांत गेलेलो नाही’ असं बोललात तर ऐकतील. आणि भेटीला जाताना हार, शाल, फोटोवाला, मागे दहा गाड्या असं काही नको. संध्याकाळी, गोठ्यातलं काम आटोपल्यावर, एका गाडीतून जावं. अण्णा पहिल्यांदा काहीच बोलणार नाहीत. दुसऱ्या भेटीत रागावतील. रागावले की समजा माणूस अजून आपला आहे.

हे काम निवडणूक लागल्यावर होत नाही. २०२४ ला १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. मधल्या पाच आठवड्यांत दिवाळी, अर्ज, छाननी, माघार. ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपल्यावर खरा प्रचार दोन आठवडेच मिळाला. त्या दोन आठवड्यांत माणूस सभा करतो, पदयात्रा करतो, हात जोडतो. तुटलेलं नातं सांधायला वेळ नसतो. शिवाय आचारसंहिता लागली की विद्यमान असण्याचा दिसणारा फायदा संपतो. नवं काम जाहीर करता येत नाही, भूमिपूजन नाही, सरकारी गाडी आणि विश्रामगृह प्रचाराला नाही. शेवटच्या महिन्यात नारळांची रास फोडणारे आमदार मी पाहिले आहेत. ज्या वस्तीवर नारळ फुटला नाही ती वस्ती त्या महिन्यात तुटते, कारण शेजारच्या वस्तीवर फुटलेला तिने पाहिलेला असतो. म्हणून भूमिपूजनं शेवटी ढिगाने करू नका, असा माझा आग्रह असतो.

बंडखोरीचं एक वाक्यात सांगतो : विद्यमानाचं तिकीट नक्की असतं, म्हणून दहा वर्षं रांगेत थांबलेला आपलाच माणूस अपक्ष अर्ज भरतो. १९९५ ला राज्यात ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यांतले कित्येक असे रांगेत थांबून कंटाळलेलेच होते. तो माणूस तुमच्या तालुक्यात कोण हे तुम्हाला आजही माहीत असेल. त्याच्याशी आमदारांनी आत्ता बोलावं, माघारीच्या दिवशी नाही.

चिन्हाबद्दलही गाफील राहू नका. साताऱ्यात लोकसभेला २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारीशी साधर्म्य असलेलं चिन्ह घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि उदयनराजे भोसले यांचं मताधिक्य ३२ हजारांच्या घरात होतं. नावातही असं होतं. आपल्या उमेदवाराच्या नावाचा दुसरा कोणी अर्ज भरतो. म्हाताऱ्या माणसांना यंत्रावरचा क्रमांक, नाव आणि चिन्ह तिन्ही दाखवून सांगावं लागतं.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्यापर्यंत ते येईलच, म्हणून स्पष्ट लिहितो. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. पाकिटं वाटणं हा गुन्हा आहे, आणि मतदारांना गाड्यांनी केंद्रावर नेणं हेही कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं, त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. तुमच्यासारख्या पोरांना पुढे करून ही कामं करवून घेतात आणि गुन्हा पोरांवर दाखल होतो. तुम्ही त्यात पडू नका. माझ्या पंचवीस वर्षांत पाकिटाने पडणारा माणूस उभा राहिलेला मी पाहिला नाही. दोन्हीकडची पाकिटं घेऊन लोक आपल्या मनातल्यालाच मत देतात, हे मी माझ्याच गावात पाहिलंय. आणि अठरा मतांच्या त्या भावकीला मी पाकीट घेऊन गेलो असतो तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

मतदानाच्या दिवशी तुम्ही स्वतः एका बूथवर प्रतिनिधी म्हणून बसा, फिरत राहू नका. सकाळी प्रत्यक्ष मतदानाआधी दीड तास यंत्र तपासायला अभिरूप (चाचणी) मतदान होतं, त्याला हजर राहा. संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सी ची प्रत सहीनिशी घेतल्याशिवाय खोली सोडू नका. त्यात यंत्रात एकूण किती मतं पडली तो आकडा असतो आणि मोजणीला तोच ताडून बघायचा असतो. रात्री सगळ्या केंद्रांचे १७-सी गोळा होतात तेव्हा आणखी एक गोष्ट कळते. ज्या बूथवरून तो कागद आलाच नाही, तिथे आपला माणूस दिवसभर बसलाच नव्हता. असे दहा-पंधरा बूथ निघाले तर मोजणीची वाट न बघताही काय झालंय हे कळतं. २०१४ ला त्या रात्री आमच्या टेबलावर बावीस कागद कमी होते, आणि आम्ही ते ‘उद्या येतील’ म्हणून सोडून दिले होते.

सरकारच्या बाजूने बोलायचं तर २०२९ ला काय वारं असेल हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि ते तुमच्या हातातही नाही. राज्यात सत्ता परत आली तरी चेहरा बदलतो. २००४ ला सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना आघाडी परत आली आणि मुख्यमंत्री झाले विलासराव. २०२४ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना युती परत आली आणि ५ डिसेंबरला शपथ घेतली देवेंद्र फडणवीस यांनी. त्या चर्चा टीव्हीवर चालू द्या. तुमच्या हातात ती दहा-पंधरा गावं आहेत.

पुढच्या पंधरवड्यात तीन तक्ते जुळवून झाले की ज्या बूथवर लीड का गेलं याचं कारण कोणालाच सांगता येत नाही, अशी गावं वेगळी काढा. कारण माहीत असलेल्या गावांचं तुम्ही तुमचं बघाल. त्या न कळलेल्या गावांबद्दल मला विचारा, आणि विचारण्याआधी तिथल्या एका घरी एकदा चहा घेऊन या. बंद असेल ते घर सोडून पुढे जाऊ नका.